सभासद क्रमांक द्यायचा कसा, आणि रिकामा झाला तर पुन्हा द्यायचा का?

छंद मंडळ नवे असते तेव्हा सभासद क्रमांकाची कुणालाच गरज वाटत नाही. नाणी जमवणारे असोत, तिकिटे जमवणारे, पक्षी पाहणारे की गड चढणारे; तीस-चाळीस माणसे, सगळी तोंडओळखीची. मग खजिनदार बदलतो, यादीत दोन संजय पाटील येतात, जुने पावती पुस्तक कुणाच्या तरी माळ्यावर जाते, आणि निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात प्रश्न उभा राहतो की वर्गणी भरलेले संजय पाटील कोणते. क्रमांकाची पद्धत पहिल्या दिवशी बसवायला एक संध्याकाळ पुरते. दहा वर्षांनी बसवायची तर एक वर्षही अपुरे पडते. हा लेख नव्याने चिटणीस झालेल्यांसाठी आणि मंडळ नोंदवायच्या तयारीत असलेल्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. सभासद क्रमांक म्हणजे नोंदवहीतल्या एका प्रवेशाची खूण, बस. तो माणूस आजीव आहे की साधारण, पुणे शाखेचा की नाशिकचा, किती ज्येष्ठ, वर्गणी भरलेली की थकलेली, यातले काहीही क्रमांकाने सांगायचे नाही. त्यासाठी वेगळे रकाने असतात. पुढचे बहुतेक घोळ क्रमांकावर जास्तीचे ओझे टाकल्यामुळे होतात.

साचा ठरवणे

चार अंकी साधा क्रमांक घ्या आणि १००१ पासून सुरू करा. ०००१ पासून नको. पुढची शून्ये कुणी लिहितो, कुणी गाळतो, आणि एक्सेल तर न विचारताच गाळते. १००१ पासून सुरुवात केली की सगळे क्रमांक सारख्या लांबीचे राहतात, क्रमवारी लावल्यावर १०० हा ११ च्या आधी येत नाही, आणि जवळपास नऊ हजार प्रवेशांची सोय होते. एवढे सभासद कुठल्याही जिल्हा पातळीच्या मंडळाला आयुष्यभर पुरतात.

पावतीवर रुबाबदार दिसते म्हणून २०२४/०१७ असा वर्षाचा साचा अनेक जण निवडतात. तो टाळावा. पहिले कारण, बोलताना आणि यूपीआयच्या शेऱ्यात लोक फक्त ‘१७’ लिहितात, आणि १७ तर दरवर्षी एक असतो. दुसरे कारण, वर्ष म्हणजे कॅलेंडरचे की आर्थिक? फेब्रुवारीत आलेल्या सभासदाला एक चिटणीस एक वर्ष लावतो, दुसरा दुसरे. प्रवेशाची तारीख रकान्यात आहेच, ती क्रमांकात कोंबायची गरज नाही.

आजीव सभासदांसाठी ‘आ-१२’ अशी वेगळी मालिकाही नको. साधारण सभासद पुढे आजीव होतो, त्याचा क्रमांक बदलतो, आणि जुन्या पावत्यांवरचा माणूस वेगळा दिसू लागतो. दर्जा दाखवायचाच असेल तर मूळ क्रमांक ओळखता येईल अशी खूण करा. अमेरिकेतल्या ब्रिज खेळणाऱ्यांच्या संघटनेत, एसीबीएलमध्ये, खेळाडूला ‘लाइफ मास्टर’ हा दर्जा मिळाला की त्याच्या क्रमांकाच्या पहिल्या अंकाच्या जागी अक्षर येते: १ चे जे, २ चे के. बाकीचे अंक तसेच. मोर्स कोड हाताने वाजवणाऱ्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या स्ट्रेट की सेंच्युरी क्लबात शंभर वेगवेगळ्या सभासदांशी संपर्क झाला की क्रमांकाच्या शेवटी सी लागतो, आणि पुढच्या पायऱ्यांना दुसरी अक्षरे. दोन्हीकडे मूळ क्रमांक ओळखता येतो. म्हणून खूण हवी तर शेवटी लावा: १०४५ चा १०४५-आ.

कुटुंब सभासदत्व देत असाल तर प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक द्या आणि कुटुंबाचा संकेत वेगळ्या रकान्यात लिहा. १०४५-क, १०४५-ख अशी वाटणी केली की मुलगी लग्न होऊन वेगळी वर्गणी भरू लागते त्या दिवशी पेच पडतो. अठरा वर्षांखालच्यांनाही त्याच मालिकेतला क्रमांक द्यावा. मताचा हक्क वयाने येतो, त्यासाठी क्रमांक बदलायला नको.

मोबाइल नंबरलाच सभासद क्रमांक करण्याचा मोह सध्या फार आहे. नवरा-बायकोचा नंबर एकच असतो हे एक. त्याहून मोठी अडचण अशी की बंद पडलेला मोबाइल नंबर कंपन्या नव्वद दिवसांच्या मुदतीनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकतात. म्हणजे तुमच्या मंडळाने नियम केलेला नसतानाही क्रमांकाचा पुनर्वापर सुरू. आधार क्रमांकाचे तर नावच काढू नका. तो ओळखपत्रावर छापून वाटायची वस्तू नाही.

क्रमांक केव्हा द्यायचा

अर्ज हातात आला की लगेच क्रमांक टाकून देण्याची सवय वाईट. काही अर्ज नामंजूर होतात, काही जण पैसे भरतच नाहीत, आणि मालिकेत भोके पडतात. मग ती भोके बुजवायची इच्छा होते. क्रम असा ठेवा:

१. अर्ज आला की त्यावर अर्ज क्रमांक आणि तारीख टाका. ही मालिका वेगळी. ती दरवर्षी १ पासून सुरू केली तरी बिघडत नाही.

२. प्रवेश शुल्क आणि पहिली वर्गणी घ्या, पावती द्या. पावतीवर सभासद क्रमांकाच्या जागी ‘अर्ज क्र. अमुक’ असेच लिहा.

३. कार्यकारिणीच्या बैठकीत अर्ज मंजूर करा. इतिवृत्तात नावे लिहा. ‘आलेले सर्व अर्ज मंजूर’ एवढ्यावर भागवू नका.

४. त्याच बैठकीत, इतिवृत्तातल्या नावांच्या क्रमाने, पुढचे क्रमांक द्या आणि ते इतिवृत्तातच नावापुढे लिहा. नोंदवही हरवली, संगणक बिघडला, तरी क्रमांक इथून पुन्हा उभे करता येतात.

५. नोंदवहीत नोंद, सभासदाची सही, ओळखपत्र.

सहीला कमी लेखू नका. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे सभासद म्हणजे नियमांप्रमाणे प्रवेश मिळालेला, आणि वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला, आणि राजीनामा न दिलेला माणूस. त्याच कलमात असेही आहे की तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली असेल तर त्या माणसाला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. इथे नीट बघा: थकबाकीने मत जाते, प्रवेशाची नोंद पुसली जात नाही. दोन महिन्यांनी तो पैसे भरेल आणि त्याच क्रमांकावर परत येईल.

पहिल्या सात जणांचे क्रमांक हा वेगळाच विषय होतो. संस्था नोंदवायला किमान सात माणसे लागतात, आणि सातही जणांना १००१ हवा असतो. घटनापत्रावर सह्या ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने क्रमांक द्या. कागदावर आधीच ठरलेले असल्यामुळे चर्चा संपते.

नोंदवही

पुठ्ठा बांधणीची, छापील पानक्रमांकांची, आडव्या रेघांची मोठी वही घ्या. सुट्या पानांची फाइल नको. दोन समोरासमोरची पाने मिळून एक ओळ धरा. डावीकडे सभासद क्रमांक, पूर्ण नाव मराठीत आणि बँकेतल्या स्पेलिंगप्रमाणे इंग्रजीत, जन्मतारीख, पत्ता, ठरावाची तारीख, पहिली पावती. उजवीकडे प्रकार, प्रकार बदलल्याची तारीख, सभासदत्व संपल्याची तारीख, कारण, पुनःप्रवेशाची तारीख, सही, शेरा. वर्गणीचा हिशेब या वहीत आणू नका. तो खजिनदाराच्या खतावणीत, सभासद क्रमांकाच्या आधाराने.

‘संपल्याची तारीख’ आणि ‘पुनःप्रवेश’ हे दोन रकाने बहुतेक वह्यांत नसतात. मग माणूस गेला की चिटणीस पूर्ण ओळीवर तिरकी रेघ मारतो, आणि पुढच्या चिटणीसाला ती जागा मोकळी वाटते. पुनर्वापराचा जन्म बऱ्याचदा त्या तिरक्या रेघेतून होतो.

चूक झाली तर व्हाइटनर नाही, गिरवणे नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचे वाचता आले पाहिजे. शेजारी बरोबर शब्द, आद्याक्षरे आणि तारीख. क्रमांकच चुकून दोनदा पडला असेल तर दुसरा रद्द करून पुढचा द्या आणि रद्द क्रमांकासमोर ‘रद्द, दिला नाही’ असे स्पष्ट लिहा. मालिकेतली गाळलेली जागा संशयास्पद दिसते. कारण लिहिलेली जागा दिसत नाही.

एक्सेलमधले सापळे

पुढचा क्रमांक काढायला लोक ‘भरलेल्या ओळी मोजा, अधिक एक’ असे सूत्र लावतात. मधली एक ओळ कुणी खोडली की शेवटच्या सभासदाचाच क्रमांक पुढच्याला मिळतो. ‘मॅक्स (सर्वांत मोठा क्रमांक) अधिक एक’ त्यापेक्षा बरे, पण शेवटची ओळ खोडली तर तेही फसते. शिवाय रकाना ‘टेक्स्ट’ स्वरूपात असेल तर मॅक्सला त्यातले काहीच दिसत नाही आणि उत्तर शून्य येते. उपाय साधा आहे: ओळ कधीच खोडायची नाही, फक्त ‘स्थिती’ रकाना बदलायचा, आणि शेवटी दिलेला क्रमांक वेगळ्या शीटवर, तारखेसह हाताने लिहायचा. क्रमांकाच्या रकान्यावर डेटा व्हॅलिडेशनमध्ये काउंटइफ लावून ‘हा क्रमांक एकदाच’ अशी अट घाला. ती टाइप करताना अडवते, चिकटवलेल्या मजकुराला मात्र अडवत नाही. म्हणून दुहेरी नोंदी रंगवणारे कंडिशनल फॉरमॅटिंगही चालू ठेवा.

गुगल फॉर्मच्या शीटमधली ओळ कितवी, हा सभासद क्रमांक नव्हे. कुणीतरी नावाने क्रमवारी लावतो आणि सगळे हलते.

आणखी एक खास आपला घोळ: मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे. कळफलक मराठीवर असताना टाइप केलेला १४७३ एक्सेलच्या लेखी मजकूर ठरू शकतो, संख्या नव्हे. मग शोधताना इंग्रजी आकडे टाकले तर तो सापडत नाही, आणि चिटणीस त्या माणसाला नवा क्रमांक देऊन मोकळा होतो. छापील यादीत हवे ते आकडे ठेवा, पण फाइलमध्ये एकच पद्धत.

सभासद हजाराच्या वर गेले आणि वर्गणी ऑनलाइन येऊ लागली की शेवटी एक तपासणी अंक, म्हणजे क्रमांक लिहिताना झालेली चूक पकडणारा अंक, जोडायला हरकत नाही. बँकेच्या कार्डावर असते ती लून पद्धत पुरेशी आहे. १४७३ घ्या. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करा: ३ चे ६, ७ तसाच, ४ चे ८, १ तसाच. दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यायची, इथे तशी वेळ नाही. बेरीज २२. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ३० ला, ८ कमी. म्हणून क्रमांक १४७३-८. कुणी घाईत १७४३-८ लिहिले तर बेरीज १६ येते, तपासणी अंक ४ हवा होता, चूक तिथेच पकडली जाते. ०९ आणि ९० ची अदलाबदल मात्र या पद्धतीला दिसत नाही. दोनशे सभासदांच्या मंडळाने या भानगडीत पडू नये. नाव आणि क्रमांक दोन्ही लिहायला सांगितले की तेवढेच काम होते.

रिकामा क्रमांक पुन्हा द्यायचा का?

नाही. तरीही दर दोन-तीन वर्षांनी कार्यकारिणीत कुणीतरी हा विषय काढतोच, आणि कारणेही ठरलेली असतात: ‘मालिका सलग दिसावी’, ‘क्रमांक चारशेवर गेले, सभासद तर दीडशेच’, ‘जुना छोटा क्रमांक नव्या अध्यक्षांना द्यावा’. त्यामुळे नकाराची कारणे हाताशी असलेली बरी.

जुन्या कागदांवर क्रमांकच असतो, नाव नसते. ग्रंथालयाच्या देवघेव वहीत ‘१०३७ – दुर्बीण’ एवढेच लिहिलेले असते. प्रदर्शनाच्या निकालपत्रकात, अनामत रकमेच्या यादीत, मोहिमेच्या हजेरीत तेच. १०३७ दुसऱ्याला दिला की जुनी थकबाकी नव्याच्या अंगावर येते आणि जुन्याची अनामत नवा मागू शकतो. स्ट्रेट की सेंच्युरी क्लबाचे उदाहरण पुन्हा घ्या. तिथे हवेत संपर्क झाला की क्रमांकांची देवाणघेवाण होते आणि त्या नोंदींवर वर्षानुवर्षे प्रमाणपत्रे मिळतात. एक क्रमांक दोघांचा झाला तर इतरांच्या लॉगमधल्या (संपर्काच्या वहीतल्या) जुन्या नोंदीही संशयात येतील. म्हणून तो क्रमांक आयुष्यभराचा असतो.

माणसे परत येतात, हे दुसरे कारण. नोकरीसाठी परदेशी गेलेला, बाळंतपणात थांबलेली, रुसून गेलेला. आठ वर्षांनी आलेल्याला त्याचाच क्रमांक द्या आणि पुनःप्रवेशाची तारीख लिहा. ज्येष्ठता सलग सभासदत्वावर मोजायची की पहिल्या प्रवेशापासून, ते घटनेत लिहून ठेवा. क्रमांकावरून ती मोजूच नका.

कायद्याचे कारण सर्वांत जड. सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंद असलेल्या मंडळाची कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. व्यवहारात सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. त्यावर हरकत आली की मतदान करणारे खरोखर सभासद होते का, यावर वाद जातो आणि वर्षांपूर्वीची नोंदवही मागवली जाते. एका क्रमांकापुढे दोन नावे दिसली की समोरच्या वकिलाला दुसरे काही शोधावे लागत नाही.

आकडे मोठे होतात, हे खरे. होऊ द्यावेत. जागतिक बुद्धिबळ महासंघ, फिडे, देशांना क्रमांकांचे गट देतो. विश्वनाथन आनंदचा फिडे क्रमांक ५००००१७. भारतात खेळाडू इतके वाढले की तो सात अंकी गट पुरला नाही, आणि प्रज्ञानंदचा क्रमांक २५०५९५३०, गुकेशचा ४६६१६५४३ असा आठ अंकी झाला. सोडून गेलेल्यांचे क्रमांक गोळा करत बसण्यापेक्षा नवा गट उघडणे सोपे. लेव्हॉन अरोनियन आर्मेनियाकडून खेळायचा, आता अमेरिकेकडून खेळतो. क्रमांक मात्र आर्मेनियाच्या गटातलाच, १३३००४७४. शाखांना क्रमांकांचे गट वाटणाऱ्या मंडळांनी हे लक्षात ठेवावे: नाशिकचा सभासद पुण्यात राहायला आला तर शाखेचा रकाना बदला, क्रमांक नाशिकच्या गटातलाच राहू द्या.

मृत सभासदाचा क्रमांक मुलाने मागितला तर काय? ही मागणी मनापासून येते आणि बैठकीत नाही म्हणणे जड जाते. पुनर्वापर चालणाऱ्या ठिकाणी यासाठी नियम आहेत. अमेरिकेत हॅम रेडिओचा परवाना संपल्यावर त्याचे कॉल साइन, म्हणजे हवेतली ओळखीची अक्षरे-अंक, दोन वर्षे राखून ठेवतात, मग ते दुसऱ्याला मागता येते. मृताच्या जवळच्या नातेवाइकाला ही वाट पाहावी लागत नाही. पण कॉल साइन ही मुळात मोजकी वस्तू आहे. छोटी, सुटसुटीत जुळणी थोडीच असतात. तुमच्या मंडळात अंकांचा तुटवडा नाही. मुलाला नवा क्रमांक द्या, शेऱ्यात ‘क्र. १०३७ यांचे चिरंजीव’ लिहा, आणि वडिलांचा बिल्ला त्याला जरूर द्या. बिल्ला म्हणजे वस्तू, नोंद नव्हे.

‘७८६ द्या’, ‘बेरीज नऊ येणारा द्या’ याला एकच उत्तर: ठरावाच्या क्रमाने जो येईल तो. एकदा सवलत दिली की दुसऱ्यांदा नाकारता येत नाही.

पुनर्वापर कुठे चालतो

लॉकर, ग्रंथालयाचे कार्ड, प्रदर्शनातले टेबल, मोहिमेची छातीवरची पाटी, अंधारखोलीची वेळ. हे जागेचे क्रमांक आहेत, माणसाचे नाहीत. घटनेनेच ‘फक्त शंभर सभासद’ अशी मर्यादा घातली असेल तर १ ते १०० जागा क्रमांक वेगळे ठेवा आणि ते फिरवा. सभासद क्रमांक १०१ व्या माणसालाही नवाच. जागा दुसऱ्याला देताना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ती कुणाकडे होती, एवढे लिहिले की पुरे.

सोडून गेलेल्याने स्वतःची माहिती काढून टाकायला सांगितले तर पत्ता, फोन, जन्मतारीख काढा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून ही मागणी चेष्टेवारी नेऊ नये. क्रमांक, नाव आणि प्रवेश-समाप्तीच्या तारखा मात्र संस्थेच्या नोंदीसाठी ठेवाव्यात, आणि हे प्रवेश अर्जावरच छापावे.

आधीच घोळ झाला असेल तर

जुन्या मंडळाची सूत्रे हाती आली आणि १३७ क्रमांकावर तीन नावे सापडली, तर जुनी वही सुधारायला जाऊ नका. तिची पाने स्कॅन करा, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून अध्यक्ष-चिटणीसांच्या सह्या घ्या आणि ती बंद करा. नवी वही, नवी मालिका. ती जुन्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या बरीच पुढे सुरू करा: जुना शेवटचा ११८० असेल तर ५००१. दोन हजार एकपासून नको, ते साल वाटते.

चालू सभासदांना नवे क्रमांक द्या, ‘जुना क्रमांक’ असा रकाना ठेवा, आणि दोन्ही क्रमांकांची जोडयादी वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवून ठराव करून घ्या. जुने सभासद आपला दोन अंकी क्रमांक सोडायला तयार नसतात. ओळखपत्रावर तो खाली लहान अक्षरात छापला की बहुतेकांचे समाधान होते. गेलेल्यांना नवे क्रमांक देऊ नका. त्यांची नोंद ‘जुनी वही, पान अमुक, क्र. १३७, दुसरे नाव’ अशा पत्त्यावर राहील. परत आले तरच नवा क्रमांक.

एक वर्षभर पावतीवर दोन्ही क्रमांक लिहा. निवडणूक त्याच वर्षी असेल तर मतदार यादी नव्या क्रमांकाने छापा आणि हरकतींसाठी जुन्या क्रमांकासह फलकावर लावा. मुदत किमान पंधरा दिवस ठेवा, आणि आलेल्या प्रत्येक हरकतीचा निकाल लेखी द्या.